डोळे सारखे लाल, डोक्यात कोंडा, घरात नागीण: नक्की कोणत्या डॉक्टरकडे जायचं?

ऐरोलीहून एका ताईंनी विचारलंय. त्यांचे मिस्टर ४३ वर्षांचे, महापेला नोकरीला. डोक्यातला कोंडा कॉलेजपासूनचा, नाकाच्या दोन्ही बाजूंना पापुद्रे सुटतात. गेली दोन वर्षं सकाळी उठल्यावर पापण्या चिकटलेल्या असतात, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं, वर्षभरात तीनदा रांजणवाडी झाली. ड्रॉप्स घातले की बरं, बंद केले की पुन्हा तेच. मेडिकलमधून आणलेलं एक मलम ते अधूनमधून पापणीवर चोळतात, त्याने लगेच आराम पडतो. आणि अगदी शेवटी, जाता जाता, त्या लिहितात की सासूबाईंच्या (वय ६८) उजव्या कपाळावर परवापासून आग होत होती, काल फोड आले, शेजारच्या काकू नागीण म्हणाल्या. रविवारी गावी नेऊन लेप लावून उतरवायची असं घरात ठरतंय. हे सगळं त्वचेच्या डॉक्टरचं काम की डोळ्यांच्या?

मी ठाण्यात २६ वर्षं त्वचारोगांची प्रॅक्टिस करते. तुमचा शेवटचा मुद्दा आधी घेते, कारण मिस्टरांचं दुखणं आठवडाभर थांबलं तरी चालेल. सासूबाईंचं रविवारपर्यंत थांबवू नका. आजच दाखवा.

नागीण म्हणजे लहानपणी होऊन गेलेल्या कांजिण्यांचाच विषाणू. कांजिण्या बऱ्या होतात, पण तो शरीरातून जात नाही, नसांच्या मुळाशी वर्षानुवर्षं झोपून राहतो. वय वाढलं, मधुमेह असला, प्रतिकारशक्ती कमी झाली की त्यातल्या एखाद्या नसेत जागा होतो आणि तिच्या वाटेने त्वचेपर्यंत येतो. म्हणून आधी दोन-तीन दिवस नुसती आग, ठणका, मग पुरळ. कपाळाची नस तीच पुढे वरच्या पापणीला, नाकाला आणि डोळ्याला जाते. नागिणीच्या साधारण १० ते २० टक्के रुग्णांत हीच नस सापडते, आणि औषध वेळेत मिळालं नाही तर त्यातल्या जवळपास निम्म्या लोकांच्या डोळ्याला इजा पोचते.

आता सासूबाईंना खिडकीपाशी, उजेडात बसवा आणि नाकाचा शेंडा नीट बघा. तिथे किंवा नाकाच्या उजव्या बाजूला एखादा छोटा फोड, लाल ठिपका दिसतोय का? नसेची जी बारीक फांदी नाकाच्या शेंड्याला जाते, तीच बुबुळालाही जाते. जोनाथन हचिन्सन या इंग्रज सर्जनने एकोणिसाव्या शतकात हे लक्षात आणून दिलं, आणि आजही आम्ही पहिल्यांदा तिथेच बघतो. फोड असेल तर डोळा सापडण्याची शक्यता खूप वाढते. मात्र फोड नसला म्हणजे डोळा सुटला असं समजू नका. कपाळावर नागीण उठलेल्या प्रत्येकाला मी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवतेच.

औषध पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हवं. एसायक्लोव्हिर ८०० मिलिग्रॅम दिवसातून पाच वेळा किंवा व्हॅलासायक्लोव्हिर १ ग्रॅम दिवसातून तीनदा, सात दिवस, असा मोठ्या माणसाचा नेहमीचा डोस असतो. मूत्रपिंड कमजोर असेल तर तो कमी करावा लागतो, म्हणून मनाने आणून देऊ नका. काल फोड आले म्हणजे तुमच्या हातात अजून वेळ आहे. ७२ तास उलटून गेलेल्यांनीही ‘आता काय उपयोग’ म्हणून घरी बसू नये. नवे फोड येत असतील किंवा डोळा लाल असेल तर औषध तरीही देतात.

लेपाबद्दल मला मनापासून सांगायचंय. नागिणीची दोन तोंडं जुळली की माणूस दगावतो, ही भीती मी दर महिन्याला ऐकते. शिकलेल्या घरांतूनही ऐकते. नस शरीराच्या एकाच बाजूला असते, त्यामुळे पुरळ मध्यरेषेपाशी येऊन थांबतं. तोंडं जुळायची वेळच येत नाही. आणि पुरळ दोन-तीन आठवड्यांत खपली धरून आपोआप जातं, म्हणून उतरवणाऱ्याला यश येतं. काही वर्षांपूर्वी एक आजी नवव्या दिवशी माझ्याकडे आल्या. कपाळापासून नाकापर्यंत गेरूचा जाड थर, वाळून भेगाळलेला. मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या गॉजच्या पट्ट्या ठेवून तो सुटायला अर्धा तास गेला. खाली नाकाच्या शेंड्यावर तीन खपल्या होत्या. पापणी उघडली तर डोळा लाल, आणि बुबुळावरचा काचेसारखा पडदा, म्हणजे कॉर्निया, धुरकटलेला. त्याच दुपारी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. डोळा वाचला, पण त्या डोळ्याने त्यांना पोथीची अक्षरं पुन्हा स्पष्ट दिसली नाहीत. लेपाने डोळा गेला असं मी म्हणणार नाही. त्या थराखाली काय चाललंय हे नऊ दिवस कुणाला दिसलं नाही, आणि औषधाचे दिवस निघून गेले.

डोळ्यांचे डॉक्टर स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्रातून बघतील, डोळ्याचं प्रेशर मोजतील, बाहुली मोठी करणारे ड्रॉप्स घालून आतलं तपासतील. आज सगळं ठीक निघालं तरी पुन्हा बोलावलं की जा. आतली सूज कधीकधी पुरळ वाळल्यावर, दोन-तीन आठवड्यांनी येते. डोळा लाल झाला, उजेड सहन होईना, धूसर दिसू लागलं, तर तारखेची वाट बघू नका. फोड ओले आहेत तोवर ते झाकून ठेवा, आणि कांजिण्या न झालेली मुलं, गरोदर बाई घरात असेल तर त्यांना जवळ जाऊ देऊ नका. नागिणीची नवी लस भारतात २०२३ पासून मिळते, पन्नाशीनंतरच्यांसाठी, २ ते ६ महिन्यांच्या अंतराने दोन डोस. महाग आहे, पण नागिणीनंतर महिनोन्‌महिने कपाळाला पदर लागला तरी कळवळणारी माणसं बघितल्यामुळे मी ती सुचवते. सासूबाईंना पूर्ण बरं वाटल्यावर तो विषय काढा.

आता तुमचे मिस्टर.

तुम्ही दोन वेगळे आजार म्हणून लिहिलेत, पण डोक्यातला कोंडा, नाकाजवळचे पापुद्रे आणि पापण्यांची खाज हा एकच आजार असण्याची शक्यता मोठी आहे. त्याला सेबोऱ्हिक डर्मटायटिस म्हणतात. त्वचेवर तेलकट जागी राहणारं मॅलासेझिया नावाचं यीस्ट आपल्या सगळ्यांच्या अंगावर असतं, काहींच्या त्वचेला ते सोसत नाही. डोकं, भुवया, नाकाच्या बाजू, कानामागे आणि पापणीची कड, या त्याच्या ठरलेल्या जागा. पापणीची कड सुजते त्याला ब्लेफरायटिस म्हणतात. डोळ्यांत नुसते ड्रॉप्स घालून हे थांबत नाही, कारण बिघाड डोळ्याच्या बाहेर, कडेवर आहे.

वरच्या पापणीच्या कडेला तीसेक आणि खालच्या कडेला वीस-पंचवीस बारीक तैलग्रंथी उभ्या रांगेत असतात. त्यांचं तेल अश्रूंवर पातळ थर धरतं, म्हणून अश्रू लगेच उडून जात नाहीत. ग्रंथी आजारल्या की ते तेल घट्ट होतं, थंडीत बाटलीत गोठलेल्या खोबरेलासारखं. मग तोंडं बुजतात, आत गाठ धरते, ती रांजणवाडी. आणि तेल नाही म्हणून डोळा कोरडा पडून खुपतो. गोठलेल्या खोबरेलाचं आपण काय करतो? बाटली गरम पाण्यात ठेवतो. इथेही तेच करायचं. स्वच्छ सुती रुमाल सोसेल इतक्या गरम पाण्यात बुडवून, पिळून, मिटलेल्या पापण्यांवर ठेवा. तो मिनिटाभरात गार होतो, म्हणून पुन्हा बुडवा, अशी सात-आठ मिनिटं. मग लगेच, तेल पातळ आहे तोवर, बोटाच्या पेराने वरची पापणी वरून खाली आणि खालची पापणी खालून वर, कडेच्या दिशेने हलक्या हाताने दाबत आणा. शेवटी कोमट पाण्यात बेबी शाम्पूचे दोन थेंब टाकून त्यात भिजवलेल्या इअरबडने पापण्यांच्या केसांची मुळं पुसा. पहिला महिना दोन वेळा, नंतर रोज एकदा, दात घासण्यासारखं कायम. आठ दिवसांत फरक पडला नाही म्हणून सोडून देणारेच जास्त. मला तरी तीन-चार आठवड्यांच्या आत खरा फरक क्वचितच दिसलाय.

डोक्यासाठी केटोकोनॅझोलचा शाम्पू आठवड्यातून दोनदा, फेस पाच मिनिटं राहू देऊन मग धुवायचा. रोज रात्री डोक्याला तेल चोपडत असतील तर ते बंद करायला सांगा. आईच्या हातच्या तेलाबद्दल बोललं की घरात वाईट वाटतं हे मला माहीत आहे, पण ते यीस्ट तेलावरच वाढतं.

एवढं करूनही फरक नसेल तर रोझेशियाचा, म्हणजे चेहरा लाल होऊन तापणाऱ्या त्वचेच्या आजाराचा विचार करावा लागतो. हा गोऱ्या लोकांचा आजार अशी समजूत आहे, आणि आपल्या गव्हाळ, सावळ्या रंगावर लाली पटकन दिसत नसल्याने तो निसटतो. म्हणून मी रंग बघण्याआधी विचारते: गरम चहा, तिखट मिसळ, ऊन, यानंतर गाल तापून चुरचुरतात का? तलावपाळीवर दुपारी दहा मिनिटं चाललं तरी तोंड तासभर भाजल्यासारखं राहतं का? रोझेशियाच्या निम्म्याहून जास्त रुग्णांना डोळ्यांचाही त्रास असतो, आणि काहींच्या डोळ्यांना तो चेहऱ्याच्या आधी होतो. मग वर्षानुवर्षं ‘ॲलर्जी’ म्हणून ड्रॉप्स बदलले जातात. यावर डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक कमी डोसमध्ये काही आठवडे फार चांगलं काम करतं. गरोदर बायकांना आणि आठ वर्षांखालच्या मुलांना ते देत नाहीत.

रांजणवाडीबद्दल एक सूचना, ही तुमच्या मिस्टरांपेक्षा घरातल्या साठीपुढच्यांसाठी जास्त. गाठ प्रत्येक वेळी एकाच जागी येत असेल, तिथले पापणीचे केस गळले असतील, तर ती कापून तपासणीला पाठवायचा आग्रह धरा. तैलग्रंथीचा कर्करोग अगदी साध्या रांजणवाडीसारखा दिसतो, आणि भारतात पापणीच्या कर्करोगांमध्ये तो बऱ्यापैकी आढळतो.

आणि आता ते मलम, ज्याची मला सगळ्यात जास्त काळजी वाटली. ट्यूब घ्या आणि बारीक अक्षरं वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी काही दिसलं तर ते स्टेरॉइड आहे. पापणीची कातडी अंगावरची सगळ्यात पातळ, जेमतेम अर्धा मिलिमीटर. तळपायावर जे मलम आत शिरायला धडपडतं, ते इथे सहज शिरतं आणि डोळ्यापर्यंत पोचतं. महिनोन्‌महिने लावलं तर डोळ्याचं प्रेशर वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदू लवकर येऊ शकतो. काचबिंदू दुखत नाही. बाजूचं दिसणं हळूहळू जातं आणि माणसाला कळतं तेव्हा डोळ्याच्या नसेची इजा परत फिरवता येत नाही. अशी बरीच मलमं २०१८ मध्ये सरकारने शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. पण काउंटरवर अजूनही ‘खाजेचं द्या’ म्हटलं की मिळतात. गोरं व्हायला म्हणून तीन वर्षं असं मलम डोळ्यांभोवतीसुद्धा लावणारी एक कॉलेजची मुलगी माझ्याकडे मुरुमांसाठी आली होती. चष्म्याचा नंबर सारखा बदलतोय असं ती सहज बोलली, म्हणून प्रेशर मोजून घ्यायला पाठवलं. ते वाढलेलं निघालं आणि नसेला इजा झालेली होती. तिला कायमचे ड्रॉप्स लागले, वय २१.

सुरुवातीच्या वर्षांत मी स्वतः पापणीच्या खाजेला असं सौम्य मलम लिहून देत असे आणि किती दिवस लावलं हे विचारायला विसरत असे. याचं मला आजही वाईट वाटतं. आता आधी टॅक्रोलिमस या स्टेरॉइड नसलेल्या मलमाचा विचार करते आणि स्टेरॉइड दिलंच तर चिठ्ठीवर बंद करायची तारीख लिहिते. तुमच्या मिस्टरांनी मलम थांबवल्यावर पापण्या दोन-चार दिवस जास्त लाल होतील, ते घाबरण्यासारखं नाही. पण डॉक्टरांना ट्यूब दाखवून, त्यांच्या सांगण्याने थांबवा, आणि डोळ्याचं प्रेशर या महिन्यात मोजून घ्या.

तुम्ही खाडीलगत राहता म्हणून आणखी एक सांगते. पावसाळ्यात, विशेषतः जुलै-ऑगस्टमध्ये, ऐरोली, कोलशेत, घोडबंदरच्या बाजूने आया सकाळीच येतात: मूल रात्री बरं होतं, उठलं तर पापणी टम्म सुजलेली आणि गालावर भाजल्यासारखा पट्टा. आजी म्हणतात, कोळी अंगावरून गेला. तो कोळी नसतो. काळ्या-नारिंगी रंगाचा, मुंगीएवढा लांबट किडा असतो, लोक त्याला ॲसिड फ्लाय म्हणतात. ट्यूबलाइटकडे येतो. तो चावत नाही. झोपेत आपण चिरडतो, त्याच्या अंगातला पेडेरिन नावाचा विषारी द्रव कातडीला लागतो आणि एका दिवसाने जळजळ सुरू होते. तोच हात डोळ्याला लागला की पापणी सुजते. कोपराच्या घडीत असेल तर दोन्ही बाजूंना जुळे डाग उठतात, ते बघितले की निदान पक्कं. किडा दिसला तर मारू नका, फुंकर मारून उडवा. चिरडला गेलाच तर लगेच साबणाने भरपूर धुवा, हातसुद्धा. डोळ्याच्या आत गेलं असेल तर स्वच्छ पाण्याने धुऊन डोळ्यांच्या डॉक्टरांकडे.

पापणीची ॲलर्जी बऱ्याचदा पापणीला लावलेल्या वस्तूची नसतेच. नेलपॉलिशची असते, कारण बोटं दिवसभर डोळ्याला लागतात आणि बोटांची कातडी जाड म्हणून तिला काही होत नाही. किंवा केसांच्या डायची असते. गणपतीच्या आधी आणि लग्नसराईत दोन्ही डोळे सुजून मिटलेले चेहरे घेऊन लोक येतात. डायमधलं आणि ‘काळ्या मेंदी’तलं पीपीडी हे रसायन त्यामागे असतं. एकदा झालं की पुढच्या वेळी जास्त होतं, तेव्हा ब्रँड बदलून बघू नका.

लहानपणापासून एक्झिमा असलेली मुलं डोळे मुठीने चोळतात. ती सवय मोडा. सततच्या चोळण्याने कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येतो, त्याला केराटोकोनस म्हणतात, आणि चष्म्याचा नंबर दर सहा महिन्यांनी बदलू लागतो. सोरायसिस असणाऱ्यांनी, त्यातही सांधे दुखत असतील तर, डोळा लाल होऊन उजेड खुपू लागला की साथ आली म्हणून सोडू नये. आत सूज असू शकते. कोडाचे बहुतेक रुग्ण डोळ्यांच्या बाबतीत निश्चिंत राहू शकतात.

कुष्ठरोग संपला असं शहरात सगळ्यांना वाटतं. ठाणे, पालघर, रायगडच्या पट्ट्यात नवे रुग्ण आजही सापडतात. भुवया बाहेरच्या बाजूने विरळ होणं, बधिर चट्टा, झोपेत डोळा पूर्ण न मिटणं, ही लक्षणं लक्षात ठेवा. कॉर्नियाची संवेदना जाते म्हणून धूळ गेली, जखम झाली तरी दुखत नाही, आणि न दुखणारा डोळा कुणी दाखवायला जात नाही. औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात.

आणि एक आजार असा की त्यात रात्र काढायची नाही. आकडीची, युरिक ॲसिडची किंवा सल्फाची नवी गोळी सुरू होऊन काही दिवस-आठवडे झालेत, आणि ताप, डोळे लाल, तोंडात फोड, अंगावर दुखणारे चट्टे असं एकत्र दिसलं, तर पुढची गोळी घेऊ नका आणि मोठ्या हॉस्पिटलमध्ये जा. त्यात पापणी बुबुळाला आतून चिकटू शकते, आणि पहिल्या काही दिवसांत डोळ्यांच्या डॉक्टरांनी हात घातला तर नजर वाचवता येते.

तर कोणाकडे जायचं? सासूबाईंना आज जो डॉक्टर भेटेल त्याच्याकडे नेऊन गोळ्या सुरू करा, मग तो तुमचा फॅमिली डॉक्टर असो, आणि उद्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या. मिस्टरांनी दोघांकडे जावं, पण एकाची चिठ्ठी दुसऱ्याला दाखवून. डोळ्यांच्या डॉक्टरांसमोर टोपी काढून कोंडा दाखवा, माझ्यासारखीसमोर चष्मा काढून पापण्या दाखवा. एकाच छताखाली दोन्ही हवं असेल आणि खर्च जपायचा असेल तर कळव्याचं महापालिकेचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं आहे, तिथल्या ओपीडीत सकाळी लवकर जा.

सासूबाईंना नेताना त्यांच्या बीपी-शुगरच्या गोळ्यांची पाकिटं आणि क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाच्या तपासणीचा) शेवटचा रिपोर्ट पिशवीत टाका. नागिणीच्या गोळ्यांचा डोस त्यावरून ठरेल.